पॅरासिटामॉलचा दिवसभराचा हिशेब

ताप, डोकेदुखी, अंगदुखी यांवर घरात जी गोळी ठेवलेली असते ती बहुधा पॅरासिटामॉलची असते. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो ही नावे निराळी, आतले औषध एकच. 1950च्या दशकात हे औषध गोळ्यांच्या रूपात बाजारात आले. आज साध्या तापावर आणि दुखण्यावर डॉक्टर सर्वांत आधी त्याचाच विचार करतात, आणि त्यांचे बरोबर आहे. पोटाला ते सहसा बाधत नाही, रक्त पातळ करत नाही, योग्य मात्रेत गरोदर बाईपासून तान्ह्या मुलापर्यंत सगळ्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येते. तेव्हा हे औषध घेऊ नका, असे मला मुळीच म्हणायचे नाही. मला सांगायचे आहे ते त्याच्या मर्यादेबद्दल. पॅरासिटामॉलची दिवसभराची मर्यादा ओलांडली तर यकृताला, म्हणजे लिव्हरला, गंभीर इजा होऊ शकते. आणि घरोघरी ती मर्यादा नकळत ओलांडली जाते, कारण दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांतून तेच औषध पुन्हा पुन्हा पोटात जात असते. गोळ्या मोजणाऱ्याला ते कळत नाही. चोवीस तासांत पॅरासिटामॉलचे एकूण किती मिलिग्रॅम घेतले हे मोजणाऱ्यालाच ते कळते.

पन्नास किलोपेक्षा जास्त वजनाच्या, यकृत धडधाकट असलेल्या प्रौढ माणसाला एका वेळी 500 ते 1000 मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार आणि शक्यतो सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त 4000 मिलिग्रॅम, ही जगभर मानली जाणारी मर्यादा आहे. आता पावसाळ्यात घरातल्या एखाद्या कर्त्या माणसाला ताप आला, सोबत सर्दी झाली आणि कंबरही धरली आहे, असे धरून चालू. तापासाठी 650ची गोळी दर सहा तासांनी घेतली, चार गोळ्यांचे 2600 झाले. सर्दीसाठी सिनारेस्टसारखी गोळी दिवसातून तीनदा घेतली. तिच्यात प्रत्येकी 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, म्हणजे आणखी 1500. कंबरेसाठी मागे लिहून दिलेली झिरोडॉल-पी घरात होतीच, ती सकाळ-संध्याकाळ घेतली. तिच्यात अ‍ॅसिक्लोफिनॅकबरोबर 325 पॅरासिटामॉल आहे, तिचे 650. बेरीज 4750. या माणसाने कुठलीही गोळी जास्त खाल्लेली नाही. प्रत्येक गोळी तिच्या नेमाप्रमाणे, वेळच्या वेळी घेतली, आणि तरी तो मर्यादेच्या बराच पुढे गेला. डोके ठणकले म्हणून मधेच एखादी सॅरिडॉन घेतली तर तिचेही 250 यात धरायचे. कॉम्बिफ्लॅममध्ये 325 आहे आणि ट्रॅमाडॉल असलेल्या अल्ट्रासेटमध्येही 325 आहे. नावावरून यातले काहीच कळत नाही. शिवाय कंपन्या घटक आणि प्रमाण बदलत असतात, त्यामुळे इथे दिलेले आकडे पाठ करण्यापेक्षा हातातले पाकीट वाचणे महत्त्वाचे.

पाकीट वाचायचे म्हणजे नेमके काय, तर मोठ्या रंगीत नावाखाली बारीक इंग्रजीत एक ओळ असते. तिची सुरुवात ‘ईच टॅब्लेट कंटेन्स’ अशी काहीशी होते. तिच्याखाली घटकांची नावे एकाखाली एक आणि समोर मिलिग्रॅम. त्या यादीत पॅरासिटामॉल दिसते का आणि समोर आकडा कोणता, एवढेच पाहायचे. 2018च्या सप्टेंबरपासून लागू झालेल्या नियमानुसार औषधाचे मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापावे लागते, आणि त्यामुळे साध्या पॅरासिटामॉलच्या पाकिटावर ते ठळक दिसतेही. पण तीन किंवा त्याहून अधिक औषधांच्या मिश्रणांना या नियमातून वगळले आहे, आणि सर्दीच्या बहुतेक गोळ्या नेमक्या त्याच गटात मोडतात. म्हणजे जिथे गफलत होण्याचा संभव सर्वांत जास्त, तिथेच मूळ नाव शोधावे लागते. मला ही त्या नियमातली मोठी उणीव वाटते. दुसरी अडचण कात्रीची. मेडिकलवाला पट्टीतून चार गोळ्या कापून देतो तेव्हा घटकांची ओळ, मात्रा आणि मुदतीची तारीख बहुधा त्याच्याकडच्या तुकड्यावर राहते. आपल्याकडे येते ते नुसते चंदेरी पान. म्हणून छापील बाजू असलेला तुकडा मागून घ्यावा, ते जमत नसेल तर कागदाच्या पुडीवर औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहून द्यायला सांगावे. इंग्रजी वाचता न येणाऱ्या आजी-आजोबांसाठी घरातल्या कुणीतरी प्रत्येक पट्टीवर पेनाने मराठीत ‘पॅरासिटामॉल 650’ असे लिहून ठेवले तर तेवढ्या दोन शब्दांनी पुष्कळ काम होते.

मर्यादा इतकी काटेकोर का, हे यकृतात काय घडते ते पाहिले की पटते. घेतलेल्या पॅरासिटामॉलचा मोठा भाग यकृत निरुपद्रवी रूपात बदलते आणि तो लघवीवाटे निघून जातो. थोडा भाग मात्र दुसऱ्या वाटेने जातो आणि त्यापासून एक विषारी पदार्थ तयार होतो. यकृतातल्या ग्लुटाथायॉन नावाच्या द्रव्याशी तो लगेच बांधला जातो आणि निष्प्रभ होतो, म्हणून एरवी काही बिघडत नाही. औषध जास्त झाले की पहिली वाट तुंबते, दुसऱ्या वाटेने जाणारा भाग वाढतो, ग्लुटाथायॉनचा साठा संपत येतो आणि मोकळा राहिलेला तो पदार्थ यकृताच्या पेशीच मारू लागतो. यावरून एक गोष्ट उघड होते, ती ही की मर्यादा सगळ्यांना सारखी नसते. ज्याचा साठा आधीच कमी, त्याला धोका लवकर. तीन-चार दिवस तापाने अन्नपाणी सुटलेला रोगी, रोज दारू पिणारा, अंगावर मांस नसलेली वृद्ध व्यक्ती, कावीळ झालेला किंवा यकृताचा जुना आजार असलेला माणूस, क्षयरोगासाठी आयसोनियाझिड किंवा फिट्ससाठी फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन घेणारा, या सगळ्यांना 4000चा आकडा लागू होत नाही. यांतल्या बऱ्याच जणांना डॉक्टर 2000च्या आसपास थांबायला सांगतात. आपल्याकडे चाळीस-बेचाळीस किलो वजनाच्या पुष्कळ बायका आहेत. त्यांना 500ची एक गोळी हीच एका वेळची मात्रा समजावी आणि दिवसाला चारच्या वर जाऊ नये. धडधाकट प्रौढानेही डॉक्टरांना न विचारता, स्वतःच्या मनाने, दिवसाला 3000च्या पुढे जाऊ नये असे माझे मत आहे. हिशेबात एखादी गोळी निसटली तरी तेवढी जागा शिल्लक राहते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. लाखो लोक या गोळ्या सर्रास खातात, त्यांना कुठे काय होते? करोनाच्या काळात तर 650ची गोळी जवळपास प्रत्येक घरात पोचली होती. बहुतेकांना काही होत नाही हे खरेच आहे, कारण बहुतेक जण मर्यादेच्या आतच असतात. ज्यांना होते त्यांचे काय होते हे अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसते. 1998 ते 2003 या काळात तिथल्या 22 केंद्रांत यकृत अचानक निकामी झालेल्या 662 रोग्यांची नोंद ठेवली गेली. त्यांतल्या 275 जणांच्या बाबतीत कारण पॅरासिटामॉल होते, आणि त्यांपैकी जवळपास निम्म्यांनी ते जीव देण्यासाठी घेतलेले नव्हते, दुखण्यावर औषध म्हणून घेता घेता ते अति झाले होते. या नकळत फसलेल्यांपैकी 38 टक्के लोक एकाच वेळी पॅरासिटामॉल असलेली दोन किंवा अधिक औषधे घेत होते. स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या रुग्णालयात 1992 ते 2008 या काळात पॅरासिटामॉलमुळे यकृताला गंभीर इजा झालेल्या 663 रोग्यांचा अभ्यास झाला. त्यात 161 जणांनी जास्तीची मात्रा एकदम न घेता थोडी थोडी करून, एकापेक्षा अधिक वेळा घेतली होती, आणि एकदम घेतलेल्यांपेक्षा त्यांची अवस्था अधिक वाईट झाली. थोडे थोडे जास्त घेतले तर चालते ही समजूत त्यामुळे टिकत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्ये डॉक्टरांनी लिहून द्यायच्या मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅमपुरते मर्यादित करायला कंपन्यांना सांगितले, ते याच काळजीपोटी.

ते आकडे परदेशातले आहेत, इथली गोष्ट वेगळी, असे कुणी म्हणेल तर त्यात तथ्य आहे. भारतात यकृत अचानक निकामी होण्यामागे हिपॅटायटिस ए आणि ई यांचे विषाणू आणि क्षयरोगाची औषधे ही कारणे पुढे असतात, पॅरासिटामॉल त्यामानाने मागे. पण म्हणून इथे निर्धास्त राहावे असे मला वाटत नाही, उलट काळजीचे एक जास्तीचे कारण दिसते. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीची सुरुवात डोळे पिवळे होण्यापासून होत नाही. आधी ताप, अंग मोडून येणे, अन्नावरची वासना उडणे, मळमळ असे चार-सहा दिवस जातात. त्या दिवसांत यकृताला सूज आलेली असते, पोटात अन्न नसते आणि ताप आहे म्हणून गोळ्या चालू असतात. डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसमध्येही यकृताला झळ पोचते, आणि मुंबईत, कोकणात पावसाळ्यात हे आजार काही दुर्मीळ नाहीत. म्हणजे आपल्याकडचा तापाचा रोगी पुष्कळदा आधीच दुखावलेल्या यकृतानिशी औषध घेत असतो. त्याच्यासाठी दिवसाच्या हिशेबाचे मोल कमी नाही, जास्तच आहे.

दुसरा प्रश्न अधिक व्यवहारातला. गोळी घेतली आणि ताप उतरलाच नाही, मग काय करायचे? इथेच मात्रा चुकतात. गोळीचा परिणाम जाणवायला अर्धा ते एक तास लागतो, आणि उतरून उतरून ताप दोन-तीन अंश फॅरनहाइट उतरतो. 103चा ताप 101वर आला, रोगी उठून बसला, दोन घोट पेज प्याला, तर औषधाने आपले काम केले असे समजावे. थर्मामीटरवर 98.6 दिसेपर्यंत गोळ्या देत राहणे हा औषधाचा उद्देशच नाही. ताप हा जंतूंशी चाललेल्या शरीराच्या झगड्याचा भाग आहे. औषध द्यायचे ते रोग्याला बरे वाटावे, पाणी आणि अन्न पोटात जावे म्हणून. लहान मुलांना तापात येणारे झटके वेळेवर पॅरासिटामॉल दिल्याने टळतात असाही समज आहे. तसे होत नाही हे अभ्यासांतून पुरेसे स्पष्ट झाले आहे, तेव्हा झटक्याच्या भीतीने मात्रा वाढवू नये. 500ची गोळी ‘साधी’ आणि 650ची ‘स्ट्राँग’ ही समजूतही सोडून द्यावी, फरक फक्त 150 मिलिग्रॅमचा आहे. रिकाम्या पोटी पॅरासिटामॉल घेतले तर पोट बिघडत नाही, एका मात्रेसाठी जेवणाची वाट पाहायला नको. पण दिवसेंदिवस उपाशी राहून घेत राहणे धोक्याचे, त्याचे कारण वर आलेच. तीन दिवसांनंतरही ताप हटत नसेल तर गोळी बदलायची नसते, रक्त तपासायचे असते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 किंवा त्याहून जास्त ताप असेल तर घरी औषध देऊन वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

पॅरासिटामॉलचा एवढा धोका सांगितल्यावर कुणी म्हणेल, मग दुसरीच गोळी बरी. हा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक ही औषधे जठराच्या आवरणाला आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, आणि उलट्या-जुलाबांनी किंवा तापाने शरीर कोरडे पडले असेल तर अधिकच. डेंग्यूची शक्यता असताना ती आणि अ‍ॅस्पिरिन घेऊच नयेत, कारण डेंग्यूत प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असतात आणि ही औषधे रक्तस्रावाचा धोका वाढवतात. पावसाळ्यातला प्रत्येक ताप तपासणी होईपर्यंत डेंग्यूचा असू शकतो असे धरून केवळ पॅरासिटामॉल, तेही हिशेबात, हाच मार्ग शहाणपणाचा आहे. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जास्त जपण्याचे असतात. त्या वेळी पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांतले काही दिसले तर लगेच रुग्णालय गाठावे. मुलांना विषाणूच्या तापात अ‍ॅस्पिरिन दिल्यास राय सिंड्रोम नावाचा मेंदू आणि यकृताचा जीवघेणा आजार होऊ शकतो, म्हणून ते देत नाहीत. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यास भारतात 2011 पासून बंदी आहे. गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलबद्दल सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या सरकारने ऑटिझमचा संबंध जोडून इशारा दिला, तेव्हा अनेक घरांत घबराट झाली. जागतिक आरोग्य संघटनेने त्यानंतर दोनच दिवसांत असा संबंध दाखवणारा निर्णायक पुरावा नसल्याचे स्पष्ट केले. गरोदरपणात चढलेला ताप तसाच अंगावर काढणे हे बाळाला आणि आईला घातक ठरू शकते. गरज असेल तेव्हा, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस आणि आपल्या डॉक्टरांना सांगून, हा जुना सल्ला आजही कायम आहे.

मुलांच्या औषधात हिशेब अधिक बारकाईने करावा लागतो, कारण तिथे गोळीऐवजी बाटली असते आणि बाटल्या तीन तऱ्हेच्या असतात. साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला 120 किंवा 125 मिलिग्रॅम, दुप्पट ताकदीच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला 250, आणि तान्ह्यांच्या ड्रॉप्समध्ये बहुधा एका मिलिलिटरलाच 100. म्हणजे बाटली जितकी लहान, औषध तितके दाट. मुलाची मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते. दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, सहा-सहा तासांनी, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. दहा किलोच्या मुलाला साध्या सिरपचे पाच मिलिलिटर पुरतात, दुप्पट ताकदीच्या सिरपचे अडीच, आणि ड्रॉप्सचे केवळ एक. आता ड्रॉप्सची बाटली हाताशी आहे, तिचे ड्रॉपर हरवले आहे, म्हणून सिरपच्या सवयीने पाच मिलिलिटरचे टोपण भरून पाजले तर त्या दहा किलोच्या मुलाच्या पोटात 500 मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी गेली. स्वयंपाकघरातल्या चमच्याने मापू नये, कारण कुणाचा चमचा तीन मिलिलिटरचा तर कुणाचा सातचा. सुई नसलेली पाच मिलिलिटरची सिरिंज मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते, तिच्याइतके खात्रीचे माप दुसरे नाही. थोरल्याचे औषध धाकट्याला देताना बाटलीवरचा आकडा पुन्हा वाचावा. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली सिरपेही मिळतात. तसे सिरप चालू असताना वेगळे पॅरासिटामॉल द्यायचे नाही. आई, आजी आणि पाळणाघरातली बाई असे तिघे जण औषध देणारे असतील तर फ्रिजवर कागद चिकटवून वेळ आणि मिलिलिटर लिहावेत, नाहीतर एकच मात्रा दोनदा जाते.

डॉक्टरांनीच दोन गोळ्या लिहून दिल्या, आता आम्ही काय हिशेब करणार, असेही लोक विचारतात. डॉक्टर आपल्या चिठ्ठीपुरता हिशेब करतो. हाडांच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वी दिलेली गोळी तापाच्या डॉक्टरांना दिसत नाही, दातांच्या डॉक्टरांना तर दोन्ही दिसत नाहीत. दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून नेल्या आणि टेबलावर मांडल्या तर अर्ध्या मिनिटात त्यांना चित्र स्पष्ट होते. गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने रोज गोळी घेणाऱ्यांनी तर हे करावेच, आणि रक्त पातळ करणारे वॉर्फरिन चालू असेल तर नेमाने पॅरासिटामॉल घेत असल्याचे मुद्दाम सांगावे, कारण त्याने वॉर्फरिनचा परिणाम वाढतो. मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्या आई-वडिलांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथे पॅरासिटामॉलला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात आणि टायलेनॉल हा त्याचा प्रसिद्ध ब्रँड. बॅगेतल्या क्रोसिनबरोबर टायलेनॉल घेतले तर तेच औषध दुप्पट झाले. रात्री झोप लागावी म्हणून तिथे विकल्या जाणाऱ्या सर्दीच्या पातळ औषधांतही ते असते.

मात्रा जास्त गेल्याचे लक्षात आले, ती चुकून असो की कुणी रागाच्या किंवा निराशेच्या भरात घेतलेली असो, तर लक्षणांची वाट पाहत बसू नये. पहिल्या दिवशी थोडी मळमळ, एखादी उलटी यापलीकडे सहसा काही होत नाही, कित्येकांना तेवढेही होत नाही, आणि माणूस बरा आहे असे सगळ्यांना वाटते. यकृत बिघडल्याची चिन्हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागतात, बरगडीखाली उजव्या बाजूला दुखते, डोळे पिवळे होतात, आणि तोवर मौल्यवान वेळ निघून गेलेला असतो. यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे. यकृतातला ग्लुटाथायॉनचा साठा तो पुन्हा भरून काढतो, आणि औषध घेतल्यापासून आठ तासांच्या आत सुरू झाला तर यकृत जवळजवळ नेहमी वाचते. आठ तास उलटले तरी तो उपयोगी पडतो, म्हणून उशीर झाला असे समजून घरी थांबू नये. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी काढण्याच्या खटपटीत पडू नये. 108वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या रुग्णालयात जावे, आणि तिथे कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, किती आणि किती वाजता घेतली हे सांगावे. रिकाम्या पट्ट्या, बाटल्या आणि सर्दी-कंबरदुखीच्या म्हणून बाजूला ठेवलेल्या गोळ्याही सोबत न्याव्यात. मनाच्या त्रासातून हे घडले असेल तर यकृत सावरल्यावर त्या त्रासाकडेही वळायला हवे. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, विनामूल्य बोलता येते.